चिंचेचं पाणी

लिओना, किल्ली मीटरच्या खोक्यामागे आहे.
दार जरा उचलून ढकल, दमटपणानं फुगलंय.

सोमवारी डावा डोळा.
आठ दिवस वाकायचं नाही म्हणालेत,
ओझं उचलायचं नाही,
आणि डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही.
तेव्हा माझ्या वाटचं पाणी
आता तुझ्याकडे.

ते पावणेसहाला येतं. कपात लागल्यापासून
आधी नळ खोकतो, मग गढूळ, मग बरं.
तूही त्याच सुमाराला रात्रपाळीहून येतेस,
चपला काढायच्या आधी बादली लाव.

बोट घाल मातीत, पहिल्या पेरापर्यंत.
वरच्या मातीवर विश्वास ठेवू नकोस,
ती चेंबूरची हवा पिऊन ओली दिसते.
आत कोरडं लागलं तर झारी नको,
घमेलं भर, कुंडीच बुडव
आणि उभी राहा.
बुडबुडे येतील, थांबतील.
मग सगळं संपलंसं वाटल्यावर
एक उशिराचा येतो, एकटा.
त्याच्यासाठी थांबायचं.

सत्तावीस वर्षांची आहे ही.
आमटीसाठी कोळ काढताना बोटाला लागलेला चिंचोका.
वन्सं म्हणाल्या होत्या, दारात चिंच नको, भूत वस्तीला येतं.
मी म्हटलं, येऊ दे,
हिच्यात मावेल ते भूत असून असून केवढं असणार?
चमच्यानं वाढीन.

दीड वाजता ऊन गॅलरीत शिरतं
आणि माहुलकडचा तो वास.
लादी तव्यासारखी होते, म्हणून खाली दोन विटा.
कुंडीभोवती गोणपाट, ओलं. खोडाला मात्र लावू नकोस, कुजेल.
ग्रिलला माझा पांढरा परकर बांधलाय सावलीसाठी.
समोरच्या इमारतीतले बघतात. बघू देत.

कात्री नको. खतही नको.
लोकांना वाटतं, सुकतंय म्हणजे भूक लागलीय.
तुला मी काय सांगणार,
तापात कुणी जेवत नाही.

तार मीच सोडवून ठेवलीय.
मे महिन्यात तांबं तापतं, सालीत रुततं.
उजव्या फांदीवर वळ दिसेल, गोल गोल,
तो माझा.
लग्नघरी गेले होते चार दिवस
नि राहिले अकरा.
त्या फांदीबद्दल विचारू नकोस.

संध्याकाळी ही पानं मिटते.
गॅरेजमागची मोठी चिंच मिटते त्याच वेळी,
मी घड्याळ लावून पाहिलंय,
चार मजल्यांचं अंतर, तरी मिनिटाचा फरक नाही.
पण पारा अडतीसवर गेला
की ही दुपारी दोनलाच मिटायला लागते.
घाबरू नकोस. भर उन्हात पाणीही ओतू नकोस,
मुळं पोळतात.
तिनं नुसती रात्र ओढून घेतलेली असते अंगावर,
तू नाही का झोपत दिवसा,
पडद्याला कपड्यांचे चिमटे लावून?

पानं गळली तर गळू दे.
एखाद दिवस सगळीच गळतील, गॅलरीभर,
शेवयांच्या चुऱ्यासारखी.
झाडू नंतर मार.
आधी नखानं साल खरवड, तिळाएवढी.
खाली हिरवं दिसलं
तर काही झालेलं नाही, सावलीत सरकव, वाट बघ.

आणि हिरवं नाही दिसलं
तर आणखी थोडं खाली खरवड, बुंध्याशी.
तिथंही नाही दिसलं
तर आठ दिवस मला सांगू नकोस.
फोन केलाच मी, तर म्हण, बरी आहे.
डॉक्टरांनी बजावलंय ना,
डोळ्यात पाणी चालायचं नाही.

फ्रिजमध्ये पन्हं आहे, निळ्या झाकणाच्या बाटलीत.
ते तुझं.
तिला देऊ नकोस.